पावसाची नोंद ठेवता, तशी आवाजाचीही ठेवा: शांतता समितीला खुलं पत्र

प्रति,
तालुका शांतता समितीचे सर्व सदस्य: पोलीस निरीक्षक साहेब, तहसीलदार मॅडम, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, सगळ्या गणेश मंडळांचे आणि जयंती उत्सव समित्यांचे अध्यक्ष, उरूस कमिटीचे सदर, आणि मागच्या बाकावर बसणारे माझे साऊंडवाले भाऊ,

राम राम, जय भीम, सलाम.

मागच्या बैठकीत चहा येईस्तोवर सगळं नीट चाललं होतं. चहानंतर एका हवालदारसाहेबांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. आवाज मोजायचा काळा मीटर, हिरवट पडदा, त्यावर १०२.४ डेसिबल. "हे बघा, परवानगी पंच्याहत्तरची, वाजवले एकशे दोन." ज्यांच्याकडं बोट होतं त्यांचा अध्यक्ष उठला, "हा आमचाच काहून? आमच्या मागं दुसऱ्यांची गाडी होती." दुसरे उठले, "आमच्या वक्ताला तुम्ही मीटर घेऊन आलातच नाही, मग केस कशी झाली?" तिसऱ्या कोपऱ्यातून जयंतीचा विषय निघाला, मग उरुसाचा, आणि पुढची वीस मिनिटं त्या खोलीत जो आवाज झाला तो कुणीच मोजला नाही.

मी शेवटच्या बाकावर होतो. बोलायची पाळी आली नाही, आणि डाव्या हाताला बसलेले काय म्हणत होते ते मला तसंही नीट कळलं नाही. म्हणून लिहितोय.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. बत्तीस वर्षं माईकचा धंदा केला. सायकलच्या कॅरेजला भोंगा बांधून सुरुवात, मग टेम्पो, मग जनरेटर, शेवटची काही वर्षं डीजे. लग्नं, सप्ते, पुढाऱ्यांच्या सभा, सगळं वाजवलं. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला विसर्जन उरकून, भोंगे उतरवून मी नुकताच पडलो होतो, तर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपानं उठवलं. पुढं बरेच दिवस माझ्या माईकवर गाणं लागलं नाही. पत्रे कुठं वाटायलेत, औषधाची गाडी कुठं थांबलीय, कुणाचं लेकरू सापडलंय, एवढंच. माईक काय कामाची चीज आहे ते मला तेव्हा कळलं. तेव्हा हे पत्र माईकच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

धंदा मी सोडला नाही, कानानं सोडायला लावला. डॉक्टरांनी कानाचा आलेख काढला तर ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक सुरांपाशी, रेघ खड्ड्यात पडलेली. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाचा खड्डा बहुतेक तिथंच पडतो, म्हणाले. म्हणजे आवाज ऐकू येतो, अक्षरं येत नाहीत. नात म्हणते "आबा, सात", मला ऐकू येतं "हात", आणि मी हात पुढं करतो. तिला तो खेळ वाटतो.

त्यानंतर मी एक साऊंड मीटर घेतला. साधा नाही, नोंद ठेवणारा. दर सेकंदाला एक आकडा, वेळेसकट, आत कार्डावर. दिवसाला ८६,४०० आकडे. चौकाच्या कोपऱ्यावर आमचं घर आहे, तिथं गच्चीवर बसवला. त्याला आता चौदा महिने होत आले.

आपल्याकडं नोंदीची किंमत कुणाला सांगायला लागत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी, नाही तर शेतात गुडघाभर पाणी असलं तरी कागदावर काहीच नाही. त्या एका आकड्यासाठी आपण तहसीलवर मोर्चे नेलेत. दुष्काळ ठरवणारी पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर यावरून गावं भांडतात. भूजलवाले ठरलेल्या विहिरींचं पाणी वर्षात चार वेळा मोजतात, उन्हाळ्यात नुसतं बघून जात नाहीत. आता समजा, पर्जन्यमापक कपाटात ठेवला आणि पूर आल्यावरच बाहेर काढला, तर त्या आकड्याला कोण विचारील? आवाजाच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. किल्लारीच्या भूकंपाची वेळ मिनिटावर सांगता येते, कारण भूकंपमापकाची सुई त्या रात्रीच्या आधीपासून फिरत होती.

पहिले दोन महिने मी स्वतःच किती चुका केल्या ते आधी सांगतो, नाही तर कुणीतरी नंतर काढीलच. घड्याळ लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली, त्यामुळं आठवडाभर माझ्या वहीत शाळेची प्रार्थना रात्री अकराला आणि नवरदेवाची वरात सकाळी अकराला. मीटर आधी कठड्याला चिकटून ठेवला होता. भिंतीवरून परतणारा आवाजही मोजला जातो आणि आकडा फुगतो, हे धंद्यात असताना ठाऊक होतं, पण स्वतःच्या मीटरला लावलं नाही. वाऱ्यासाठी माईकवर फोमचा गोळा असतो, तो वानरानं पळवला. ते वानर शेजारच्या टाकीवर बसून तो खात होतं आणि माझ्या मीटरवर वाऱ्याचे खोटे ऐंशी-ऐंशी उठत होते.

सगळ्यात मोठी चूक कॅलिब्रेटरची. ही मुठीएवढी नळी असते, मीटरच्या माईकवर बसवली की बरोबर ९४ डेसिबलचा एकच सूर देते. मीटरनं ९४ दाखवलं तर तो खरा. ओळखीच्या प्राध्यापकांकडून ती आणून लावली तर माझा मीटर ९१.६ म्हणाला. माईकच्या जाळीत धूळ बसली होती. म्हणजे महिनाभर मी सगळ्यांना दोन-अडीच डेसिबलची सूट देत होतो. तो महिना वहीतून आडवी रेघ मारून काढून टाकला. हवालदारसाहेबांच्या फोटोतल्या मीटरला शेवटचं ९४ कधी दाखवलं होतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी विचारतो. राग मानू नका.

आता वहीत काय सापडलं.

आवाज म्हटलं की आपल्याला मिरवणूक आठवते. माझ्या वहीत वर्षातल्या बहुतेक वाईट रात्री मिरवणुकीच्या नाहीत. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर रात्री दीड-दोनला टेप लावून जातात, मागं दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून टेप असतो, ते मला समजतं. पण चौकातल्या गतिरोधकावर ट्रॅक्टर हळू होतो आणि गाणं तिथंच अडकून राहतं. त्यानंतर पुण्याच्या ट्रॅव्हल्सचे हॉर्न. रहिवासी भागात रात्री दहा ते सहा हॉर्न वाजवायलाच बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मला तरी मीटर घेईपर्यंत नव्हतं.

आणि एक गोष्ट अशी सापडली की मी दोनदा तपासली. आवाजाचा एक आकडा असतो, ज्याच्या वर दहातले नऊ वेळ आवाज असतोच. शास्त्रात त्याला एल-नव्वद म्हणतात, मी बुडाचा आवाज म्हणतो. हिवाळ्यात पहाटे तीनला आमच्या चौकाचा बुडाचा आवाज ३६ च्या आसपास असतो. मे महिन्यात त्याच वेळी ४६-४७. गाडी नाही, माणूस नाही, मग दहा डेसिबल आले कुठून? एका रात्री लाईट गेली आणि आलेखावरची रेघ पायरी उतरल्यासारखी खाली आली. पत्र्याचे कूलर! सगळ्या पेठेचे कूलर एकदम थांबले होते. पन्नास मिनिटांनी लाईट आली, रेघ परत वर. आता घरात कुणी म्हणालं की लाईट किती वाजता गेली होती, तर मी मीटर बघून सेकंदासकट सांगतो. मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर बेडकांनी रात्रभर लावलेला सूरही वहीत आहे. त्यांना परवानगी कुणी दिली, हे बैठकीत विचारायला हरकत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की चौक मुळात किती बोलतो हे माहीत नसताना मिरवणुकीनं किती भर घातली, हे ठरवता येत नाही. मंडळ म्हणतं, चौकात रोजच गोंधळ असतो. पोलीस म्हणतात, तुमच्यामुळं झाला. दोघांकडंही आदल्या मंगळवारचा आकडा नसतो. माझ्याकडं आहे, आणि तो मंडळाच्याही उपयोगाचा आहे, पोलिसांच्याही.

१०२.४ च्या फोटोकडं येतो. तो एका क्षणाचा आकडा. कायद्यातली मर्यादा ही ठरावीक वेळेच्या सरासरीवर आहे, तिला एल-ईक्यू म्हणतात. ही सरासरी शाळेतल्यासारखी नसते. समजा, तासातली पंचावन्न मिनिटं ५० डेसिबल शांत गेली आणि पाच मिनिटं १०० नं वाजलं. शाळेच्या हिशेबानं सरासरी ५४ येईल आणि सगळे सुटतील. आवाजाच्या ताकदीच्या हिशेबानं ती ८९ येते. पाच मिनिटं सगळा तास खाऊन टाकतात. "आम्ही फक्त चौकात पाच मिनिटं वाढवला" या वाक्याचा अर्थ हा आहे. उलट बाजूनं, फटाक्याचा एक बार मीटरजवळ फुटला आणि त्याच क्षणी फोटो काढला, तर मंडळावर अन्याय होतो. फोटो दोन्हीकडून खोटा पडू शकतो. सलग नोंद सहसा पडत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती फक्त धंद्यातला माणूसच सांगू शकतो. मीटर घेतलेले साहेब लांबून दिसले की पुढं चालणारं पोरगं हात खाली करतं. मिक्सरवर बसलेला माणूस मास्टर, म्हणजे सगळ्या आवाजाची दांडी, खाली ओढतो. साहेब म्हणतात, "हां, आता ठीक आहे." पन्नास पावलं पुढं गेलं की मास्टर परत वर. हे मी स्वतः केलंय, एका रात्रीत सहा-सात वेळा, आणि नंतर साहेबांसोबत चहाही घेतलाय. गच्चीवरच्या मीटरला हात करता येत नाही. तो कधी बघतोय आणि कधी नाही हे कळत नाही, कारण तो कायमच बघत असतो. पुढून येणारी मिरवणूक कुणाची, झेंडा कुठला, हेही त्याला कळत नाही. आपल्या गावाला नेमका असाच हवालदार पाहिजे.

मंडळांच्या पोरांसाठी धंद्यातलं एक गुपित फोडतो, साऊंडवाल्यांनी माफ करावं. तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठा वाजवायचा म्हणून दोनाचे चार बॉक्स करता, चाराचे आठ. भाडं दुप्पट होतं. मीटरवर किती वाढतं? साधारण तीन डेसिबल. आठाचे सोळा केले, परत भाडं दुप्पट, परत तीनच. कानाला तीनचा फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. वर्गणी दहापट होते का? सोळा बॉक्सची भिंत लावून तुम्ही समोरच्यापेक्षा दुप्पट वाजवला असं तुम्हाला वाटतं, तेव्हा खरं तर फक्त माझ्यासारख्याचं भाडं दुप्पट झालेलं असतं. बत्तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घर झालं नसतं.

बेसचं वेगळं बोलायला पाहिजे, कारण नेहमीच्या मीटरमध्ये तो लपतो. कायद्याचा आकडा 'ए' पट्टीवर असतो, म्हणजे माणसाच्या कानासारखा. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ती पट्टी ते कापते. ६३ हर्ट्झचा बेस असेल तर २६ डेसिबल कापून मग आकडा दाखवते. काच थरथरते, छातीत धडधडतं, बाळंतीण उठून बसते, आणि 'ए'चा आकडा म्हणतो फार काही नाही. 'सी' पट्टी तो बेस जवळपास कापत नाही. मागच्या विसर्जनाला आमच्या गच्चीवर पाच मिनिटांची सरासरी 'ए'वर ८८ होती, 'सी'वर १०४. मधला सोळाचा फरक म्हणजे निव्वळ बेस. कायदा 'ए'चाच आहे, केस त्यावरच होईल, पण नोंद दोन्हींची ठेवावी. खिडकी 'ए' पट्टीनं हादरत नाही.

साहेबांनी बैठकीत पंच्याहत्तरचा आकडा सांगितला, तो सगळीकडं चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, बाजारपेठेला दिवसा ६५ आणि रात्री ५५, शांतता क्षेत्राला ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावला तर त्याच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे बाजाराच्या चौकात दिवसा ७५ खरे, पण मिरवणूक पेठेच्या रहिवासी गल्लीत वळली की दिवसा ६५ च. आणि गल्ली अरुंद, दोन्हीकडं भिंती. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, गल्लीत तो तसा उतरत नाही, भिंतीवर आपटत पुढं जातो. तोच डीजे, तोच मास्टर, मैदानात सुटेल आणि गल्लीत अडकेल. मार्ग ठरवताना हे कुणी बघतं का? बैठकीत मार्गावरून दोन तास भांडण होतं, पण ते मानाचं असतं.

मला हवंय ते एवढंच: चौकात नगरपरिषदेच्या गच्चीवर एक नोंद ठेवणारा मीटर बसवा, बारा महिने चालू. अचूकतेत निदान क्लास टू दर्जाचा असावा, भिंतीपासून लांब, वाऱ्याचा फोम घातलेला. फोमला जाळी करा, वानरं आहेत. बॅटरी असावी, कारण लाईट गेल्यावर डीजे जनरेटरवर चालू राहतो आणि मीटर बंद पडतो, हे मी माझ्या मीटरला बॅटरी लावायच्या आधी अनुभवलंय. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या मंडळांचा आणि समित्यांचा एकेक माणूस बोलवून, त्यांच्यासमोर ९४ चा सूर लावून बघा आणि सह्या घ्या. दर आठवड्याला तासातासाचे आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लावा, बाजारभाव लावतात तसे. मिरवणुकीच्या दिवशी कुठलं मंडळ चौकात किती वाजून किती मिनिटांनी आलं आणि गेलं, ते एका माणसानं वहीत लिहावं. मग 'मागची गाडी कुणाची' हे भांडण वहीच मिटवील.

मोबाइलच्या ॲपवर भागवू नका. मी चार फोन एका ओळीत ठेवून बघितलेत. चौघांचे चार आकडे, आणि मोठ्या आवाजाला फोनचा माईक स्वतःच घाबरून मान खाली घालतो. अंदाजाला ठीक, केसला नाही.

खर्चाचं म्हणाल तर असा मीटर मोठ्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं असं कायम मोजणारं जाळं २०११ पासून आहे, सात महानगरांत सत्तर ठिकाणी. त्यात आपल्या राज्यातली मुंबई आहे, मराठवाड्यातलं एकही गाव नाही. ते आपल्यापर्यंत यायची वाट बघत बसलो तर माझा उजवा कानही जाईल.

एक शंका मला आधीच विचारली गेली. शेजारच्या काकूंनी गच्चीकडं बघून विचारलं, "काय मोजायलाव भावजी? आमचं बोलणं तर भरंना ना त्यात?" भरत नाही. त्यात फक्त आकडा साठतो, शब्द एकही नाही. काकूंचं आणि सुनेचं भांडण माझ्या वहीत ६८ म्हणून आहे, कुणाचं चुकलं ते त्यात नाही.

दुसरी शंका तुमच्यातलेच काही जण काढतील की आयुष्यभर वाजवून आता शहाणपण शिकवायला आले. खरं आहे. पण वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत वाजवायची सवलत सरकारला देता येते, ती माझ्याही पोरांना हवीच आहे. माझा पुतण्या आजही टेम्पोवर बसतो. त्याच्या कानात कापसाचा बोळा असतो, त्याचा फार उपयोग नाही हे त्याला सांगून झालंय. त्या पंधरा दिवसांत काय होतं ते उरलेल्या साडेतीनशेच्या शेजारी मांडून बघा, एवढीच माझी मागणी आहे.

पुढची बैठक उत्सवाच्या आधी होईलच. मी वही आणि मीटर घेऊन येतो, प्राध्यापकांकडून ती नळीही मागून ठेवली आहे. बैठक सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर मीटरला ९४ लावून दाखवीन, मग वही उघडू. फक्त मला भिंतीलगतची खुर्ची ठेवा. भिंत डावीकडं आणि तुम्ही सगळे उजवीकडं असलात तर मला तुमचं बोलणं बऱ्यापैकी कळतं.

आपला,
चौकातल्या कोपऱ्यावरचा माईकवाला